नव्या संगणकावरचं डिफॉल्ट सर्च इंजिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्राउझरच्या मेनूतली नावं अपडेटगणिक इकडची तिकडे होतात. खाली दिलेला पर्याय तुमच्या पडद्यावर त्याच जागी दिसला नाही, तर सेटिंग्जच्या पानावर वर जी शोधचौकट असते तिच्यात ‘सर्च इंजिन’ हे दोन शब्द इंग्रजीत टाइप करा. हवी ती ओळ समोर येते. खालची मेनूंची नावं इंग्रजी मांडणीतली आहेत.

डिफॉल्ट सर्च इंजिन म्हणजे नेमकं काय? ब्राउझर आणि ते एकच ना?

नाही, आणि निम्मा घोटाळा इथूनच सुरू होतो. ब्राउझर हा तुमच्या संगणकावरचा प्रोग्रॅम: क्रोम, एज, फायरफॉक्स, सफारी. सर्च इंजिन ही इंटरनेटवरची सेवा: गूगल, बिंग, डकडकगो. जोड्या कशाही लावता येतात. क्रोममधून बिंग वापरता येतं आणि एजमधून गूगल. ॲड्रेस बारमध्ये वेबसाइटचा पत्ता नसलेलं काहीही लिहून एंटर दाबलं, की तो मजकूर ज्या सेवेकडे जातो ती तुमची डिफॉल्ट. पानावरचे शब्द सिलेक्ट करून राइट-क्लिक केल्यावर येणारा ‘सर्च’चा पर्यायही सहसा तिच्याकडेच नेतो.

या सेटिंगच्या हातात काय नाही, हे मात्र आधी समजून घ्या. ब्राउझर उघडताच दिसणारं पान, होमचं बटण, नव्या टॅबवरची शोधचौकट आणि विंडोजच्या टास्कबारवरचा शोध या चारही गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी ठरतात. ‘बदललं तरी बदललं नाही’ अशी तक्रार असते तेव्हा बऱ्याचदा सेटिंग नीट बदललेलं असतं, शोध मात्र दुसऱ्याच चौकटीतून चाललेला असतो.

नव्या संगणकावर आधीपासून काय लावलेलं येतं?

विंडोजवर एज ब्राउझर आणि त्यात बिंग. मॅकवर सफारी आणि त्यात गूगल. क्रोमबुकवर क्रोम आणि गूगल. लिनक्सच्या बऱ्याच आवृत्त्यांवर फायरफॉक्स असतो आणि त्यात बहुतेक देशांत गूगल. यात संगणक बनवणाऱ्या कंपनीची भर पडते ती वेगळीच: मुदतीपुरतं फुकट मिळणारं अँटिव्हायरस, त्याचं ‘सुरक्षित शोध’ नावाचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम), एखादं खरेदीत मदत करणारं टूल. नवा संगणक म्हणजे कोरी पाटी असं समजू नका. पहिल्याच दिवशी एक्स्टेन्शनची यादी उघडून बघावी.

डिफॉल्टच्या जागेसाठी कंपन्या एवढ्या का झटतात?

पैसा. बहुतेक लोक जे लावलेलं येतं तेच वापरत राहतात, आणि शोधाच्या पानावर जाहिराती असतात. अमेरिकेत गूगलविरुद्ध चाललेल्या खटल्यात हे आकडे उघड झाले: डिफॉल्टची जागा मिळवण्यासाठी गूगलने २०२१ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांना मिळून २६ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम दिली, आणि २०२२ मध्ये एकट्या ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने शोधाच्या बाजारातली मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निकाल दिला. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात अशा करारांतल्या एकाधिकाराच्या अटींवर बंदी आली. जागेसाठी पैसे देणं मात्र पूर्ण बंद झालं नाही. विंडोजमध्ये एज आणि बिंगची शिफारस पुन्हा पुन्हा का येते, याचंही उत्तर यातच आहे.

क्रोममध्ये कसं बदलायचं?

उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवरून ‘सेटिंग्ज’, मग डावीकडे ‘सर्च इंजिन’. पहिल्याच ओळीत सध्याचं इंजिन दिसतं. शेजारच्या ‘चेंज’ बटणावर क्लिक करा, यादीतून हवं ते निवडा आणि ‘सेट ॲज डिफॉल्ट’ दाबा. जुन्या आवृत्तीत बटणाऐवजी खाली उघडणारी यादी असते. यादीत कोणती नावं येतात ते देशानुसार बदलतं.

गूगल सोडून दुसरं काही लावलं, की नव्या टॅबवरची गूगलची मधली चौकट नाहीशी होऊ शकते आणि फक्त वारंवार उघडलेल्या साइटींची चिन्हं उरतात. काही बिघडलेलं नाही. शोध वरच्या ॲड्रेस बारमधूनच करायचा.

एजमध्ये गूगल लावलं, तरी नव्या टॅबवर बिंगच उघडतं. असं का?

कारण एजमध्ये हे सेटिंग दोन ओळींत विभागलेलं आहे आणि बहुतेक जण पहिलीच ओळ बदलून थांबतात.

‘सेटिंग्ज’ उघडा, ‘प्रायव्हसी, सर्च अँड सर्व्हिसेस’मध्ये जा आणि पार तळापर्यंत उतरा. तिथे, काही आवृत्त्यांत आणखी एका उपविभागाच्या आत, ‘ॲड्रेस बार अँड सर्च’ अशी ओळ सापडेल. आत गेल्यावर ‘सर्च इंजिन यूज्ड इन द ॲड्रेस बार’ इथे हवं ते इंजिन निवडा. हे झालं ॲड्रेस बारचं. त्याच पानावर दुसरी ओळ आहे: ‘सर्च ऑन न्यू टॅब्ज यूझेस सर्च बॉक्स ऑर ॲड्रेस बार’. तिथे मुळात ‘सर्च बॉक्स’ निवडलेलं असतं, आणि ती चौकट बिंगची आहे. ते बदलून ‘ॲड्रेस बार’ करा. यानंतर नव्या टॅबवरच्या चौकटीत क्लिक करून टाइप करायला लागलात, की अक्षरं आपोआप वरच्या ॲड्रेस बारमध्ये उमटतात आणि शोध तुमच्या इंजिनाकडे जातो.

हवं ते इंजिन एजच्या यादीतच नसेल, तर त्या इंजिनाच्या साइटवर जाऊन एकदा काहीतरी शोधा आणि परत या. एज भेट दिलेली इंजिनं स्वतःहून यादीत टाकतो.

सगळं व्यवस्थित लावलं होतं. विंडोज अपडेटनंतर बिंग परत आलं.

अपडेटनंतर संगणक सुरू होताना पूर्ण पडदाभर ‘सेटअप पूर्ण करा’ अशा अर्थाचं पान येतं. त्यात ‘मायक्रोसॉफ्टने सुचवलेली ब्राउझर सेटिंग्ज वापरा’ हा पर्याय आधीच निवडलेला असू शकतो. घाईत ‘नेक्स्ट’ दाबलं, की एज डिफॉल्ट ब्राउझर होतो आणि त्यात बिंग डिफॉल्ट. तिथे ‘डोन्ट अपडेट युअर ब्राउझर सेटिंग्ज’ निवडायचं असतं.

हे पानच नको असेल तर विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’, मग ‘नोटिफिकेशन्स’ उघडा. अगदी तळाशी ‘ॲडिशनल सेटिंग्ज’ आहे; ती उघडून आतल्या सगळ्या टिका काढा. फार आत लपवलेली जागा आहे.

फायरफॉक्स आणि सफारीत?

फायरफॉक्समध्ये तीन आडव्या रेघांच्या मेनूतून ‘सेटिंग्ज’, मग ‘सर्च’, आणि ‘डिफॉल्ट सर्च इंजिन’खालच्या यादीतून निवड. बस. यादीत नसलेलं इंजिन घालायला त्या साइटवर जाऊन ॲड्रेस बारवर राइट-क्लिक करा. साइटने सोय दिली असेल तर ‘ॲड’ असा पर्याय दिसतो.

मॅकवर सफारी उघडून वरच्या मेनूतून ‘सफारी’, ‘सेटिंग्ज’, ‘सर्च’. जुन्या मॅकओएसमध्ये ‘सेटिंग्ज’ऐवजी ‘प्रेफरन्सेस’ लिहिलेलं असतं. बऱ्याच देशांत गूगल, याहू, बिंग, डकडकगो आणि इकोशिया एवढेच पर्याय मिळतात. सफारीत स्वतःचं इंजिन घालायची सोय नाही. त्यासाठी ॲप स्टोअरवरून एक्स्टेन्शन घ्यावं लागतं, आणि त्याला तुमच्या भेटींची माहिती वाचायची परवानगी द्यावी लागते. एवढ्यासाठी ती द्यावी का, याचा विचार करा.

टास्कबारवरच्या शोधात अजून बिंगच येतं. तिथे गूगल कसं आणायचं?

सरळ मार्गाने येत नाही. स्टार्ट मेनू आणि टास्कबारवरच्या शोधातले वेबचे निकाल बिंगचे असतात आणि ते एजमध्ये उघडतात. डिफॉल्ट ब्राउझर क्रोम केला तरी फरक पडत नाही. अपवाद युरोपीय आर्थिक क्षेत्राचा. तिथे डिजिटल मार्केट्स ॲक्ट या युरोपीय महासंघाच्या कायद्यामुळे मायक्रोसॉफ्टला दुसऱ्या ब्राउझरची आणि इंजिनाची मोकळीक द्यावी लागली.

शोध दुसरीकडे वळवून देणारी छोटी टूल्स मिळतात, पण प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर ती बंद पडायची शक्यता असते. त्यापेक्षा टास्कबारवरून फक्त फाइल्स आणि ॲप्स शोधावीत आणि वेबचे निकालच बंद करावेत. विंडोजच्या ‘प्रो’ किंवा वरच्या आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटर, म्हणजे विंडोजचे नियम बदलायचं टूल, असतो. त्यात ‘यूझर कॉन्फिगरेशन’, ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स’, ‘विंडोज कॉम्पोनंट्स’, ‘फाइल एक्सप्लोरर’ असं आत जा आणि ‘टर्न ऑफ डिस्प्ले ऑफ रीसेंट सर्च एन्ट्रीज इन द फाइल एक्सप्लोरर सर्च बॉक्स’ हे ‘एनेबल्ड’ करा. नावावरून वाटत नाही, पण वेबच्या सूचना यानेच थांबतात. संगणक रीस्टार्ट करा. किंमत एकच: फाइल एक्सप्लोररमध्ये आधी शोधलेले शब्दही मग सुचवले जात नाहीत.

‘होम’ आवृत्तीत हा एडिटर येत नाही. तिथे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजची सेटिंग्ज जिथे साठतात त्या यादीत, हात घालावा लागतो, आणि सवय नसेल तर एवढ्यासाठी तो घालू नये. शोधचौकटीतली रोजची चित्रं आणि बातम्या तरी ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खालच्या शोधाच्या पानावर ‘सर्च हायलाइट्स’ बंद करून घालवता येतात.

यादीत नसलेलं इंजिन स्वतः कसं घालायचं?

क्रोम आणि एज दोन्हींत ‘मॅनेज सर्च इंजिन्स’ असं पान आहे. तिथे ‘ॲड’ दाबलं की तीन रकाने येतात: नाव, शॉर्टकट आणि पत्ता. पहिले दोन तुमच्या मर्जीचे. तिसरा चुकला तर काहीच चालत नाही.

पत्ता पाठ करायची गरज नाही, तो बनवता येतो. हव्या त्या साइटवर जा आणि तिच्या शोधचौकटीत कुठेही सहज येणार नाही असा इंग्रजी अक्षरांचा शब्द शोधा, उदाहरणार्थ ‘झेड’ हे अक्षर सलग पाच वेळा. निकालाचं पान उघडलं की ॲड्रेस बारमधला पूर्ण पत्ता कॉपी करा. त्यात ते पाच ‘झेड’ कुठेतरी दिसतील. तेवढीच अक्षरं खोडून त्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून लहान इंग्रजी ‘एस’ टाका. ब्राउझर शोधताना याच जागी तुमचे शब्द भरतो. मग हा पत्ता तिसऱ्या रकान्यात पेस्ट करा.

चुका ठरलेल्या असतात. टक्का आणि ‘एस’ यांच्यामध्ये जागा सुटते. ‘एस’ मोठ्या लिपीत पडतो. पत्त्याची सुरुवात कॉपी करताना राहून जाते. पाचऐवजी चारच ‘झेड’ खोडले जातात आणि मग प्रत्येक शोधाला एक ‘झेड’ चिकटून येतो. आणखी एक: काही साइटी शोधलेला शब्द पत्त्यात दाखवतच नाहीत. तिथे ही युक्ती चालत नाही.

जोडून झालं की त्या ओळीच्या तीन ठिपक्यांतून ‘मेक डिफॉल्ट’ निवडा.

‘मेक डिफॉल्ट’ दिसतच नाही, किंवा जुनं इंजिन काढताच येत नाही.

क्रोममध्ये भेट दिलेल्या साइटींचे शॉर्टकट आधी ‘इनॅक्टिव्ह शॉर्टकट्स’ या गटात जाऊन बसतात. तिथे ‘ॲक्टिव्हेट’ दाबल्यावरच ते कामाला लागतात. काढता न येणारं इंजिन बहुधा सध्याचं डिफॉल्ट असतं. आधी दुसरं डिफॉल्ट करा, मग ते काढा. ते एखाद्या एक्स्टेन्शनने घातलेलं असेल तर एक्स्टेन्शन काढल्याशिवाय जाणार नाही. आणि शेजारी इमारतीचं किंवा ब्रीफकेससारखं चिन्ह असेल, तर ते पॉलिसीने, म्हणजे ब्राउझरवर वरून लादलेल्या नियमाने, बांधलेलं आहे. त्याचं उत्तर खाली.

इंजिन आपोआप बदलतं. मी गूगल लावतो, दुसऱ्या दिवशी भलतंच काहीतरी असतं.

आपोआप काही बदलत नसतं. कोणीतरी बदलत असतं. ते ‘कोणी’ सापडेपर्यंत सेटिंग पुन्हा पुन्हा दुरुस्त करण्यात अर्थ नाही. खालच्या क्रमाने शोधा, कारण सोपं आणि जास्त आढळणारं कारण आधी आहे.

सुरुवात एक्स्टेन्शनपासून. यादी उघडा आणि सगळी बंद करा, काढू नका, फक्त बंद करा. इंजिन बरोबर लावा, ब्राउझर बंद करून उघडा. टिकलं, तर एकेक एक्स्टेन्शन चालू करत जा. पीडीएफ बदलणारी, कूपन शोधणारी, हवामान किंवा नकाशे दाखवणारी आणि नवा टॅब सजवणारी एक्स्टेन्शनं पहिल्या संशयात धरावीत. त्यातल्या कित्येकांचा खरा धंदा तुमचा शोध वळवण्याचाच असतो. क्रोम अशा वेळी ‘सर्च बदलायचा होता का’ अशी चौकट दाखवतो. तिथे ‘चेंज इट बॅक’ दाबा.

एक लक्षण ओळखून ठेवा. शोध केला की ॲड्रेस बारमध्ये क्षणभर एक अनोळखी नाव चमकतं आणि शेवटी बिंगचं किंवा याहूचं खरंखुरं पान उघडतं. लोक याला ‘याहूचा व्हायरस’ म्हणतात. याहूचा त्यात हात नसतो. मधला दलाल तुमचा शोध स्वतःच्या पत्त्यावरून फिरवतो आणि त्या फेरीवर कमिशन मिळवतो.

एक्स्टेन्शन स्वच्छ निघाली तर बसवलेले प्रोग्रॅम बघा. विंडोजमध्ये ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’, ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ इथे यादी तारखेनुसार लावा. त्रास सुरू झाला त्या दिवशी काय आलं? फुकट सॉफ्टवेअर बसवताना ‘एक्स्प्रेस’ किंवा ‘रेकमेंडेड’ दाबलं, की सोबतची पाहुणी मंडळी मुकाट घरात शिरतात. नेहमी ‘कस्टम’ निवडा आणि प्रत्येक टीक वाचा.

मग शॉर्टकट. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या चिन्हावर राइट-क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, आणि ‘टार्गेट’ची चौकट. ही चौकट अरुंद असते, त्यामुळे कर्सर आत ठेवून ‘एंड’ची कळ दाबा. ओळ ब्राउझरच्या ‘ईएक्सई’ फाइलच्या नावावर आणि अवतरणचिन्हावर संपायला हवी. त्यापुढे एखाद्या वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढा खोडून ‘ओके’ करा. एकाहून जास्त प्रोफाइल असतील तर त्या जागी ‘प्रोफाइल डिरेक्टरी’ असा मजकूर असू शकतो; तो योग्य आहे, त्याला हात लावू नका. टास्कबारवर आणि स्टार्ट मेनूत पिन केलेले शॉर्टकट वेगळे असतात. तेही तपासा.

एवढं करूनही रीस्टार्टनंतर तेच होत असेल, तर टास्क शेड्युलरमध्ये ठरावीक वेळी चालणारं एखादं काम सगळं पुन्हा बसवत असण्याची शक्यता आहे. ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, ‘स्कॅन ऑप्शन्स’ उघडून ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडा. संगणक बंद होऊन सुमारे १५ मिनिटं तपासणी चालते. उघडी कामं आधी सेव्ह करा. शिवाय ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये ‘पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग’ चालू आहे ना, ते बघा. असले प्रोग्रॅम काटेकोर अर्थाने व्हायरस नसतात, त्यामुळे ते अडवण्यासाठी हे वेगळं बटण ठेवलेलं आहे.

सेटिंगवर ‘तुमच्या संस्थेच्या नियंत्रणाखाली’ असं लिहून येतं. संगणक तर घरचा आहे.

म्हणजे कुठल्यातरी प्रोग्रॅमने ब्राउझरवर पॉलिसी लावली आहे. पॉलिसी हे कार्यालयांसाठीचं साधन. पण तोडायला अवघड म्हणून शोध वळवणारेही तेच वापरतात.

आधी कोणती पॉलिसी लागली आहे ते बघा. क्रोमच्या ॲड्रेस बारमध्ये ‘क्रोम’, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि ‘पॉलिसी’ असं सलग, लहान इंग्रजी अक्षरांत लिहा. एजमध्ये ‘क्रोम’च्या जागी ‘एज’. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट’, कोलन, ‘पॉलिसीज’. जी यादी उघडते तिच्यात ‘डिफॉल्टसर्चप्रोव्हायडर’ने सुरू होणाऱ्या ओळी असतील तर इंजिन तिथून बांधलं गेलंय. ‘एक्स्टेन्शनइन्स्टॉलफोर्सलिस्ट’ दिसत असेल तर एखादं एक्स्टेन्शन जबरदस्तीने बसवलं आहे. अशा एक्स्टेन्शनचं ‘रिमूव्ह’ बटण निकामी असतं.

सगळ्याच पॉलिसी वाईट नसतात. काही अँटिव्हायरस आणि पालक-नियंत्रणाची सॉफ्टवेअर्ससुद्धा त्या लावतात. म्हणून ओळीतलं मूल्य वाचा: तिथे अनोळखी साइटचा पत्ता आहे का? असेल तर आधी तो प्रोग्रॅम काढा. तरी पॉलिसी उरली तर रजिस्ट्री एडिटरमध्ये ‘लोकल मशीन’ आणि ‘करंट यूझर’ या दोन्ही शाखांत ‘सॉफ्टवेअर’, ‘पॉलिसीज’, ‘गूगल’, ‘क्रोम’ अशा वाटेने जाऊन ती ओळ काढावी लागते. काढण्यापूर्वी त्या फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’ करा, म्हणजे चुकलं तर परत आणता येईल. मॅकवर असली गोष्ट ‘प्रोफाइल’च्या रूपात बसते, ‘सिस्टिम सेटिंग्ज’च्या शोधात इंग्रजीत ‘प्रोफाइल्स’ लिहा आणि तुम्ही न बसवलेलं प्रोफाइल काढून टाका.

संगणक खरोखरच नोकरीच्या ठिकाणचा असेल तर यातलं काहीही करू नका. आयटी विभागाला विचारा.

ब्राउझर ‘रीसेट’ केला तर काय काय जातं?

क्रोम आणि एजमध्ये ‘रीसेट सेटिंग्ज’ने सर्च इंजिन, सुरुवातीचं पान, नवा टॅब आणि पिन केलेले टॅब मूळ स्थितीत येतात, एक्स्टेन्शनं बंद होतात आणि कुकीज पुसल्या जातात. म्हणजे सगळ्या साइटींवर पुन्हा लॉगिन करावं लागतं. बुकमार्क, इतिहास आणि सेव्ह केलेले पासवर्ड राहतात. फायरफॉक्समधला ‘रिफ्रेश’ एक्स्टेन्शनं बंद करून थांबत नाही, काढूनच टाकतो. जुनी माहिती मात्र डेस्कटॉपवर ‘ओल्ड फायरफॉक्स डेटा’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो. सफारीत असं एकच बटण नाही.

रीसेटने पॉलिसी जात नाही, हे ध्यानात ठेवा. एजमध्ये रीसेटनंतर बिंग परत येणारच.

नवा संगणक, नवा ब्राउझर. तरी जुन्या संगणकावरची घाण इथे कशी आली?

सिंकमुळे. खात्याने लॉगिन करताच बुकमार्कबरोबर सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शनंही उतरतात. एका संगणकावर साफ केलं तरी दुसरा ते परत वर चढवतो आणि तिथून पुन्हा खाली येतं. तोड अशी: आधी सर्व संगणकांवर सिंक बंद करा. एकेक करून सगळे साफ करा. मग क्रोमच्या सिंक सेटिंग्जमधून ‘रिव्ह्यू युअर सिंक्ड डेटा’ उघडून तळाचं ‘डिलीट डेटा’ दाबा. याने गूगलकडची प्रत जाते, संगणकावरची नाही. शेवटी सिंक पुन्हा चालू करा, पण ‘कस्टमाइझ’मध्ये जाऊन काही दिवस ‘एक्स्टेन्शन्स’ची टीक काढून ठेवा.

घरात तिघे वापरतात. एकाने बदललं तर सगळ्यांचं बदलतं का?

विंडोजची खाती किंवा ब्राउझरची प्रोफाइलं वेगळी असतील तर नाही. सेटिंग प्रोफाइलला चिकटलेलं असतं. सगळे एकाच प्रोफाइलमध्ये असतील तर बदलेल.

प्रायव्हेट विंडोमध्ये कोणतं इंजिन लागतं?

क्रोमच्या इनकॉग्निटोत आणि एजच्या इनप्रायव्हेटमध्ये ॲड्रेस बारचं तेच डिफॉल्ट. सफारीत २०२३ च्या १७ व्या आवृत्तीपासून प्रायव्हेट ब्राउझिंगला वेगळं इंजिन देता येतं. प्रायव्हेट विंडो इतिहास तुमच्या संगणकावर ठेवत नाही. शोधलेले शब्द सर्च इंजिनाकडे जातातच.

टाइप करतानाच सूचना येतात. म्हणजे एंटर न दाबताही काही जातं का?

हो. सूचना दाखवायच्या तर अक्षरं इंजिनाकडे पाठवावीच लागतात. पासवर्ड चुकून ॲड्रेस बारमध्ये टाइप झाला, तर एंटर न दाबताही तो बाहेर गेलेला असू शकतो. अशा वेळी तो पासवर्ड बदलावा. सूचना नको असतील तर क्रोममध्ये ‘इम्प्रूव्ह सर्च सजेशन्स’ आणि फायरफॉक्समध्ये ‘शो सर्च सजेशन्स’ बंद करा. तुमच्या इतिहासातून आणि बुकमार्कमधून येणाऱ्या सूचना तरीही येत राहतात. त्या संगणकावरूनच येतात.

मग निवडावं कोणतं?

स्थानिक माहिती, ताज्या बातम्या आणि मराठी मजकूर शोधताना गूगलचा हात धरणारं अजून कोणी नाही, असं आमचं मत. माग कमी ठेवला जावा असं वाटत असेल तर डकडकगो किंवा स्टार्टपेज. डकडकगोचे साध्या दुव्यांचे निकाल मुख्यतः बिंगकडून येतात आणि स्टार्टपेज गूगलचे निकाल तुमची ओळख न देता आणून देतं, त्यामुळे दोन्हींच्या निकालात फरक जाणवतो. ब्रेव्ह सर्चची वेबपानांची स्वतःची अनुक्रमणिका आहे. इकोशिया जाहिरातीच्या उत्पन्नातून झाडं लावण्यासाठी पैसे देतं.

कायमची निवड करायची घाई नको. क्रोम आणि एजमध्ये ‘मॅनेज सर्च इंजिन्स’मधल्या शॉर्टकटचं अक्षर टाइप करून ‘टॅब’ दाबलं, की फक्त तेवढा एक शोध त्या इंजिनावर होतो. डिफॉल्ट तसंच राहतं. वरच्या युक्तीने मराठी विकिपीडियाला ‘एम’ हा शॉर्टकट दिला, तर ‘एम’, टॅब आणि देवनागरीत शब्द, एवढ्यात लेख उघडतो. शॉर्टकट मात्र इंग्रजी अक्षरांचाच ठेवा, नाहीतर दर वेळी कीबोर्डची भाषा बदलत बसावं लागेल.

गूगलच हवं, पण वर येणारी एआयची उत्तरं नकोत.

मे २०२४ पासून गूगलच्या निकालांवर ‘वेब’ नावाचा फिल्टर आहे. पटकन दिसला नाही तर ‘मोअर’मध्ये असतो. तो लावला की फक्त दुवे येतात. हाच डिफॉल्ट करायचा तर पाच ‘झेड’ शोधा, ‘वेब’वर क्लिक करा आणि मग पत्ता कॉपी करा. त्यात ‘यूडीएम’ ही तीन अक्षरं, बरोबरचं चिन्ह आणि १४ हा आकडा दिसेल. फिल्टर तेवढ्यानेच लागतो. ‘झेड’च्या जागी टक्का आणि ‘एस’ टाकून नवं इंजिन म्हणून जोडा. डकडकगोत हीच गोष्ट त्याच्या सेटिंग्जमधून बंद करता येते, पण ते सेटिंग कुकीत साठतं; कुकीज पुसल्या की पुन्हा लावावं लागतं.

इंजिन बदललं तर आधीचा शोधाचा इतिहास जातो का?

नाही. ब्राउझरचा इतिहास ब्राउझरमध्येच राहतो आणि ‘कंट्रोल’ व ‘एच’ या कळांनी दिसतो. जुन्या इंजिनाच्या कंपनीकडे तुमच्या खात्यावर साठलेले शोध त्यांच्याकडेच राहतात. गूगलचे ‘माय ॲक्टिव्हिटी’च्या पानावरून आणि बिंगचे मायक्रोसॉफ्ट खात्याच्या प्रायव्हसीच्या पानावरून पुसता येतात. दोन्ही ठिकाणी वेगवेगळं पुसावं लागतं.